कॉलेजचे मैदान कोणासाठी?

परवा दांडियाबाजारातील एका जुन्या घरी जाणे झाले. घरातल्या नातवाची बारावीची परीक्षा नुकतीच आटोपलेली. अमेरिकेतील चार-पाच विद्यापीठांची प्रवेशपत्रे हाती आलेली, आणि त्यांतून एक निवडावयाचे म्हणून घरची सारी मंडळी दिवाणखान्यात बसलेली. वडील फीचा हिशेब मांडीत होते, आई तिथल्या थंडीची काळजी करीत होती. मुलाच्या डोक्यावर मात्र एका विद्यापीठाच्या फुटबॉल संघाची टोपी केव्हाच येऊन बसली होती. आजोबांनी विचारले, "अरे, तिथे शिकवतात कसे?" नातू म्हणाला, "आजोबा, शिकवतात सगळीकडेच. पण शनिवारच्या मॅचला तिथे लाख माणूस येतो!" आजोबा गप्प झाले. वडील चिडले. आम्हांला मात्र त्या उत्तराचा राग आला नाही. ते उत्तर अपुरे आहे, पण खोटे नाही. आणि अपुऱ्या उत्तराला राग हा उपाय नव्हे, पुढचा प्रश्न हा उपाय आहे.

हा विषय आता एका घरापुरता राहिलेला नाही. २०२३-२४ ह्या एका वर्षात अमेरिकेतील विद्यापीठांत ३ लाख ३१ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते. त्यांतील बहुतेक पदवीनंतरच्या अभ्यासासाठी गेलेले. परंतु अठराव्या वर्षीच तिकडे जाणारी मुलेमुली आता बडोद्याच्या गल्लोगल्ली दिसतात. त्यांपैकी अनेकांच्या मनात विद्यापीठाचे चित्र उभे राहते ते प्राध्यापकांच्या नावांनी वा ग्रंथालयाने नव्हे; ते उभे राहते रंगीत सदऱ्यांनी, बँडने आणि भरलेल्या प्रेक्षागाराने. म्हणून ह्या खेळसंस्कृतीचे मोल काय आणि किंमत काय, ह्याचा विचार पालकांनी शांतपणे करावयास हवा.

प्रथम मोल पाहू. मिशिगन विद्यापीठ ज्या ॲन आर्बर गावी आहे, त्या गावची वस्ती सुमारे सव्वा लाख. आणि १९२७ साली उघडलेल्या तिथल्या क्रीडागारात आज १ लाख ७ हजार ६०१ माणसे बसतात. सामन्याच्या शनिवारी सारे गाव जणू एका छताखाली येते. छत आकाशाचे, एवढेच. घरापासून आठ-दहा हजार मैलांवर आलेला, वसतिगृहाच्या खोलीत एकटा पडलेला मुलगा त्या दिवशी आपल्या शेजारच्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर हात टाकून ओरडतो. त्याला नियम नीट कळत नसतात. तो चेंडू आपल्या ओळखीचा वाटोळा नव्हे, अंडाकृती असतो, आणि पायापेक्षा हातानेच अधिक चालतो. तरीही 'आपण' हा शब्द त्याच्या तोंडी त्या दिवशी पहिल्यांदा येतो. "आज आपण जिंकलो" असे तो घरी फोनवर सांगतो. परक्या मुलखात गेलेल्या मुलाच्या तोंडून 'आपण' ऐकणे ही आईबापांच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही.

आणि पाहण्यातला आनंद आम्हां बडोदेकरांना कोणी शिकवावयास नको. १९४७ साली रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात, ह्याच शहरात, होळकर संघाविरुद्ध विजय हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या जोडीसाठी ५७७ धावांची भागी केली. एकाचे २८८, दुसऱ्याचे ३१९. कोणत्याही जोडीचा हा जागतिक विक्रम २००६ पर्यंत टिकला. ती भागी पाहिलेली माणसे आता फारशी उरली नाहीत. पण त्यांच्या घरी ती गोष्ट अजून सांगितली जाते, आणि सांगताना आवाज अजून चढतो. तेव्हा नातवाच्या लाख माणसांना हसण्याचा अधिकार आजोबांना नाही.

आता किंमत पाहू. आणि त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. अमेरिकेतील दोन कॉलेजांमधली पहिली मोठी स्पर्धा म्हणजे हार्वर्ड आणि येल यांच्यातील १८५२ सालची होड्यांची शर्यत. ती न्यू हॅम्पशायरमधल्या एका सरोवरावर झाली, आणि तिचा खर्च केला एका रेल्वे कंपनीने. प्रेक्षक आपल्या गाडीने सरोवरापर्यंत यावेत, ही त्या कंपनीची दृष्टी. म्हणजे तिथल्या कॉलेजांच्या खेळात पैसा मागाहून शिरला असे नव्हे. तो पहिल्याच दिवशी काठावर येऊन उभा होता. १८६९ साली रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात फुटबॉलचा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना झाला, आणि पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत ह्या खेळाने साऱ्या कॉलेजांना झपाटून टाकले.

झपाटले म्हणजे किती? १९०५ च्या एका हंगामात ह्या खेळापायी अठराएक तरुण मृत्युमुखी पडले. त्यांत शाळांतली मुले होती आणि कॉलेजांतलीही. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हे मर्दानी खेळांचे मोठे अभिमानी. परंतु त्यांनाही हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाऊसमध्ये बोलावून खेळ सुधारा असे बजावावे लागले. वर्षअखेरीस साठांवर कॉलेजांचे प्रतिनिधी जमले, आणि त्यातून जी संघटना जन्मास आली तीच आजची एनसीएए. अमेरिकन कॉलेजांतील खेळांची ही सर्वांत मोठी नियामक संस्था उभी राहिली ती पदके वाटण्यासाठी नव्हे. मुले मरत होती म्हणून.

ह्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने फुटबॉल बंदच करून टाकला. कोलंबियाचे नाव बडोदेकरांस परके नाही. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या सरकारची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर जिथे गेले, ते हेच विद्यापीठ. बाबासाहेब तिथे उतरले तेव्हा कोलंबियाला फुटबॉलचा संघ नव्हता. तो पुन्हा उभा राहिला १९१५ साली, आणि त्याच वर्षी बाबासाहेब एम.ए. झाले. संघ नव्हता म्हणून त्यांचे काही अडले नाही, आणि संघ आला म्हणून त्यांचे ग्रंथालयातले तास कमी झाले असतील असे मानावयास जागा नाही. बडोद्याने ज्या एका विद्यार्थ्याला अमेरिकेस पाठविल्याचा अभिमान आपण सर्वाधिक बाळगावा, त्याची विद्यापीठाची निवड टोपीवरून झाली नव्हती, एवढे ध्यानात ठेवावे.

दुसरे उदाहरण शिकागो विद्यापीठाचे. फुटबॉलमध्ये एके काळी हे विद्यापीठ आघाडीवर होते. वर्षातील सर्वोत्तम कॉलेज-खेळाडूला मिळणारा हाइझमन करंडक १९३५ साली प्रथम दिला गेला, तो शिकागोच्याच खेळाडूला. परंतु १९३९ पर्यंत संघाची रया गेली. त्या हंगामात मिशिगनने त्यांना ८५ विरुद्ध शून्य असे हरविले. विद्यापीठाचे प्रमुख रॉबर्ट हचिन्स यांनी त्याच वर्षी संघ मोडून टाकला. रिकाम्या पडलेल्या त्या प्रेक्षागाराच्या पायऱ्यांखाली, रॅकेट्स खेळण्याच्या एका बंदिस्त कोर्टात, २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातील पहिली नियंत्रित अणुविभाजनाची साखळी घडवून आणली. त्या प्रयोगाचे पुढे जगात काय झाले तो विषय वेगळा. आम्हांस सांगावयाचे ते इतकेच की, संघ गेला म्हणून शिकागोची विद्या गेली नाही, आणि विद्यार्थ्यांनी पाठ फिरविली नाही. १९६९ साली फुटबॉल तिथे पुन्हा सुरू झाला. पण लहान प्रमाणावर, खेळासाठी शिष्यवृत्ती न देता.

ह्याच्या उलट अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅमच्या विद्यापीठाने २०१४ च्या डिसेंबरात खर्चाच्या कारणास्तव फुटबॉल बंद केल्याचे जाहीर केले, तेव्हा विद्यार्थी आणि नागरिक एवढे उठले, त्यांनी एवढे पैसे जमविले, की सहा महिन्यांत तो निर्णय फिरवावा लागला. म्हणजे खेळ काढणे हा सर्वांना लागू पडणारा उपाय नाही. जिथे गावाचे आणि कॉलेजचे नाते खेळानेच बांधलेले आहे, तिथे तो दोर कापला की बरेच काही सुटून जाते.

मग पालकांनी पाहावयाचे काय? आमच्या मते एकच गोष्ट पाहावी: ज्याला संघात जागा मिळणार नाही, त्याच्यासाठी मैदान किती उघडे आहे?

ह्या प्रश्नाचे महत्त्व आकड्यांवरून कळेल. मिशिगनसारख्या विद्यापीठात पदवीपूर्व विद्यार्थी तीस हजारांहून अधिक. आणि सगळ्या खेळांचे सगळे अधिकृत संघ मिळून खेळाडू हजाराच्या आतबाहेर. म्हणजे शंभरांत तीन. उरलेले सत्त्याण्णव काय करतात? त्यांनी वर्षातले सात-आठ शनिवार ओरडावे, आणि बाकीचे दिवस खोलीत बसून राहावे, एवढेच जर कॉलेजची खेळसंस्कृती त्यांना देत असेल, तर ती संस्कृती नव्हे, तमाशा आहे. आणि तमाशाची तिकीट-खिडकी कॉलेजच्या आवारात उघडली म्हणून तो शिक्षण होत नाही.

परंतु ॲन आर्बरचीच दुसरी बाजू पाहावी. लाख माणसांचे क्रीडागार १९२७ साली उघडले, आणि पुढच्याच वर्षी, १९२८ साली, त्याच गावात एक दुसरी इमारत उघडली. ती संघासाठी नव्हती. वर्गावर्गांचे, वसतिगृहा-वसतिगृहांचे आपसांतील सामने, पोहणे, हँडबॉल, कुस्ती ह्यांसाठी, म्हणजे सामान्य विद्यार्थ्यांसाठी ती बांधली. कॉलेजच्या अंतर्गत खेळांसाठीच म्हणून उभारलेली त्या देशातील ही पहिली मोठी वास्तू. छायाचित्रे निघतात ती पहिल्या वास्तूची. मुलाचे आयुष्य घडते ते दुसऱ्या वास्तूत. नातवाने पाहिली पहिली. आजोबांनी विचारावे दुसरीबद्दल.

आता पैशाचा भाग. कार्नेगी प्रतिष्ठानाने १९२९ साली शंभराहून अधिक कॉलेजांची पाहणी करून, खेळाडू पैशाने गोळा केले जातात आणि विद्येचे पारडे हलके होते, असा कडक अहवाल प्रसिद्ध केला. त्याला शतक होत आले. पारडे आणखी हलकेच झाले. तिथल्या बहुतेक राज्यांत सर्वांत मोठा सरकारी पगार राज्यपालाचा नसतो, विद्यापीठाच्या कुलगुरूचाही नसतो. तो फुटबॉलच्या किंवा बास्केटबॉलच्या कोचचा असतो. २०२१ च्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने खेळाडूंना मिळणाऱ्या शैक्षणिक लाभांवरील बंधने एकमताने अमान्य केली. जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे घेता येऊ लागले. आणि २०२५ च्या जूनमध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीनुसार आता विद्यापीठेच खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा एका विद्यापीठास सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. ज्यांच्या घामावर ही प्रेक्षागारे भरतात त्यांना त्यातला वाटा मिळाला, हे न्यायाचेच झाले. परंतु मग तो विद्यार्थी की नोकर, हा प्रश्न उभा राहतोच. आणि जे खेळ पैसा आणीत नाहीत त्यांच्या संघांवर कुऱ्हाड पडेल ही भीतीही त्यासोबत आली.

पालकांच्या दृष्टीने ह्याहून जवळची गोष्ट अशी की, ह्या खेळातून नफा कमावणारी विद्यापीठे मोजकीच आहेत. बहुसंख्य ठिकाणी खर्च मिळकतीहून अधिक असतो, आणि तो भरून काढण्याचा एक मार्ग म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याच्या फीमध्ये खेळांसाठी म्हणून लावलेली रक्कम. मुलगा सामना पाहो वा न पाहो, मैदानावर पाऊल ठेवो वा न ठेवो, ती भरावीच लागते. फीच्या कागदावरील ती ओळ वडिलांनी चष्मा लावून वाचावी.

एवढा खर्च विद्यापीठे का करतात, ह्याचे उत्तर नातवाच्या टोपीतच आहे. १९८४ साली बॉस्टन कॉलेजच्या डग फ्लूटी ह्या खेळाडूने मायामीविरुद्ध शेवटच्या क्षणी दूरवर चेंडू फेकून सामना जिंकला. त्यानंतर त्या कॉलेजकडे अर्जांची रीघ लागली अशी आख्यायिका झाली. अर्ज आधीपासूनच वाढत होते, असे त्या कॉलेजातील मंडळींनीच पुढे दाखविले. पण आख्यायिका टिकली, कारण तिच्यात तथ्य आहे. हार्वर्डच्या एका अभ्यासकाने २०१३ साली हिशेब मांडला, की सामान्य संघ उत्तम झाला तर अर्ज शंभरी सतरा-अठरांनी वाढतात. तेवढेच अर्ज फी कमी करून मिळवावयाचे, तर ती शंभरी पावणेचार-चारने उतरवावी लागेल. अभ्यासात मागे असलेल्या मुलांवर ह्या विजयाची भुरळ अधिक पडते, पण हुशार मुलेही तीतून सुटत नाहीत, असेही त्यात आढळले. म्हणजे कॉलेज संघावर खर्च करते तेव्हा ते तुमच्या मुलाच्या डोक्यावर टोपी घालीत असते. टोपी फुकट मिळाल्यासारखी दिसते. तिचे बिल मागाहून येते.

खेळाच्या जोरावर प्रवेश मिळवू पाहणाऱ्यांसाठीही दोन शब्द. आयव्ही लीग म्हणून ओळखली जाणारी आठ जुनी विद्यापीठे खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. परंतु दार मात्र उघडतात. हार्वर्डविरुद्धच्या २०१८ च्या खटल्यात बाहेर आलेल्या आकड्यांवरून दिसले, की कोचने संघासाठी हेरलेल्या अर्जदारांपैकी शंभरांत ऐंशीहून अधिकांना तिथे प्रवेश मिळे. एरवी शंभरांत सहा-सातांना मिळणेही कठीण. दार असे मोठे उघडले की त्यातून चोरही शिरतात. २०१९ साली उघड झाले की, काही श्रीमंत पालकांनी एका प्रवेश-दलालास पैसे चारून, कधी वल्हे हाती न धरलेल्या मुलांना नौकापटू म्हणून मोठ्या विद्यापीठांत घुसविले. कित्येकांना तुरुंगवास झाला. पोरांच्या हितासाठी म्हणून जे केले, त्याने पोरांनाच जगासमोर मान खाली घालावी लागली.

उलट जिथे खेळासाठी पैसाही नाही आणि प्रसिद्धीही नाही अशी चारशेहून अधिक कॉलेजे त्या देशात आहेत. एनसीएएच्या तिसऱ्या विभागात ती मोडतात. तिथे क्रीडा-शिष्यवृत्ती मुळीच नाही. विल्यम्स किंवा ॲमहर्स्टसारख्या लहान कॉलेजांत तर जवळपास तिसरा हिस्सा विद्यार्थी कुठल्या ना कुठल्या संघात खेळतो. लाख प्रेक्षकांपुढे तिघे खेळण्यापेक्षा शंभर प्रेक्षकांपुढे तेहतीस खेळतात, हे आम्हांला अधिक कॉलेजासारखे वाटते. तिथेही सारे गोड नाही. खेळणारे आणि न खेळणारे ह्यांच्यात भिंत उभी राहते, अशी कबुली ॲमहर्स्टने स्वतःच्याच २०१७ च्या अहवालात दिली. पण जे कॉलेज आपला दोष आपण छापते, त्याच्याकडे मुलगा पाठवावयास हरकत नसावी.

मुलींच्या बाबतीत तर अमेरिकेचा एक धडा निःसंकोच घ्यावा. १९७२ साली तिथे कायदा झाला, की सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेस स्त्री-पुरुष भेद करता येणार नाही. त्या वेळी तिथल्या माध्यमिक शाळांतून खेळणाऱ्या मुली तीन लाखांहूनही कमी होत्या. आज त्या तीस लाखांच्या वर आहेत. कायद्याने मैदानाचे अर्धे फाटक उघडले, आणि मुली आत आल्या. त्यांना खेळाची आवड नाही, असे जे त्याआधी म्हटले जाई, ते फाटक बंद ठेवणाऱ्यांचे म्हणणे होते.

आता घराकडे वळू. कारण वर जो प्रश्न आम्ही अमेरिकेच्या विद्यापीठांना विचारावयास सांगितला, तो इथल्या कॉलेजांना विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. बडोद्याला तर विशेष आहे. व्यायाम हा निवडक पैलवानांचा नव्हे, साऱ्या प्रजेचा आहे, हा विचार ह्या शहराने फार आधी केला. जुम्मादादा ह्या मुसलमान वस्तादाची तालीम त्यांचे हिंदू पट्टशिष्य प्रो. माणिकराव यांनी चालविली, वाढविली, आणि शेकडो मुलांना एकाच वेळी करता येईल अशी सांघिक कवायत देशी भाषेतील हुकमांवर बसविली. १९२३ साली हिंदविजय जिमखान्याने हुतूतूचे अखिल भारतीय सामने ह्याच गावी भरविले. द. चिं. मुजुमदारांचा दहा खंडांचा मराठी 'व्यायाम ज्ञानकोश' इथूनच निघाला. ह्या साऱ्यात एक सूत्र आहे: कमी जागा, थोडा खर्च, आणि जास्तीत जास्त मुले घामाघूम. प्रेक्षागार बांधण्याआधी आखाडा खणावा, ही बडोद्याची रीत होती.

आज आपल्याकडील कॉलेजांची स्थिती काय आहे? अमेरिकेचा तमाशा आपल्याकडे नाही हे खरे. पण आखाडाही उरला नाही. जिमखान्याची फी प्रत्येक मुलाकडून घेतली जाते. ज्याची निवड आंतरविद्यापीठ सामन्यांसाठी होते, त्याला सदरा मिळतो, प्रवासखर्च मिळतो, वाढीव गुण मिळतात. बाकीच्यांस मैदान दिसते ते त्यावर लावलेल्या स्कूटरांच्या रांगांमधून, किंवा लग्नसराईत भाड्याने दिलेल्या मांडवाच्या फटीतून. मुलींना तर संध्याकाळी सहानंतर ते दिसतही नाही. खेळाच्या तासाला वेळापत्रकात जागा नाही, आणि क्रीडाशिक्षकाचे पद निवृत्तीनंतर भरले जाईल ह्याची खात्री नाही. एखाद्या कॉलेजला हे लागू पडत नसेल. त्या कॉलेजचे आम्ही अभिनंदन करतो, आणि इतरांना त्याचा पत्ता देऊ इच्छितो. आणि दोष एकट्या कॉलेजचा नाही. प्रवेशाच्या वेळी किती पालक मैदान पाहावयास जातात? नोकऱ्यांचा आकडा विचारला जातो, उपाहारगृह पाहिले जाते, वातानुकूलित वर्गाची वाहवा होते. मैदानाचे फाटक उघडे आहे की त्याला कुलूप आहे, हे पाहण्यासाठी पाच मिनिटे पुरतात. ती पाच मिनिटे कोणी देत नाही. जे विचारले जात नाही ते संस्था का राखतील?

तेव्हा मुलगा ॲन आर्बरला जावो वा इथल्याच कॉलेजात, निवडीच्या वेळी चार प्रश्न विचारावेत. संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला आठवड्यातून किती तास मैदान मिळते? मुलींना तेच मैदान, त्याच वेळी, मिळते काय? खेळासाठी फीमध्ये किती रक्कम आहे, आणि ती कोणावर खर्च होते? आणि चौथा प्रश्न तिथे शिकत असलेल्या एखाद्या साध्या विद्यार्थ्यास विचारावा: तू शेवटचा कधी खेळलास? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे छापील पत्रकात मिळतील. चौथ्याचे उत्तर मुलाच्या चेहऱ्यावर दिसेल, आणि तेच खरे धरावे.

असो. त्या दिवशी दिवाणखान्यातली चर्चा आमच्या समोर संपली नाही. निघताना आम्ही नातवाला एवढेच विचारले, "त्या लाख माणसांत तू कुठे बसणार ते कळले. रविवारी सकाळी तू स्वतः कुठे खेळणार?" त्याने टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, "ते बघितलं नाही. बघतो." आजोबा हसले. मुलाने बघतो म्हटले, ह्यात आम्हांला समाधान आहे. आता आपल्या शहरातील कॉलेजांनीही, आपल्या मैदानाचे कुलूप एकदा उघडून, बघतो म्हणावे.